उन्हाचं बोट

काकांना कुठलीही वस्तू नुसती बघून कळायची नाही, ती बुडवून बघावी लागायची. डाळीच्या पातेल्यात ते पळीचा दांडा उभा घालायचे, बाहेर काढून त्यावर चढलेली पिवळी रेघ डोळे बारीक करून पाहायचे आणि मगच पाटावर बसायचे. गच्चीवरच्या टाकीत पितळी ओळंबा, दुधाच्या किटलीत उलटा चमचा आणि एकदा तर माझ्या चहाच्या कपात, माझ्याच देखत, त्यांचं बोट. "तीन घोट ऱ्हायलेत," असं म्हणून त्यांनी बोट लुंगीला पुसलं आणि ते खाली निघून गेले. त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायला येऊन तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. चहा टाकून द्यावा की प्यावा, हे मला बराच वेळ ठरवता येईना.

मी मूळची दुधनीची. घरात कन्नड आणि शाळेत मराठी बोलत वाढले, आणि सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. पूर्व भागात मागवाल्यांच्या अकरा घरांची एक कॉलनी होती, त्यात काकांचं घर शेवटचं. काका-काकू आपापसात तेलुगू बोलायचे, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि काका फार चिडले तर तिसरीच कुठली तरी भाषा, जी काकूंनाही कळत नसे. गल्लीत त्यांना टेपवाले म्हणत. मला ते टीचर म्हणायचे. सकाळी मी जिना उतरताना दिसले की "काय करलालाव टीचर?" असा प्रश्न यायचा, आणि मी जिना उतरते आहे हे दोघांनाही दिसत असताना त्याचं उत्तर द्यावं लागायचं.

त्यांचे वडील हातमागावर विणायचे. काकांनी विशीतच मागाला रामराम ठोकला, कुणा एजंटाच्या ओळखीनं ते परदेशात गेले आणि बावीस वर्षं तेलाच्या टाक्यांवर राहिले. तो देश कुठला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते 'तिकडं' म्हणायचे आणि हात पश्चिमेला करायचे, म्हणजे आमच्या हिशेबानं साधारण पंढरपूरकडे. परत येताना त्यांनी एक मनगटी घड्याळ आणि मोजायच्या टेपसकट तो पितळी ओळंबा एवढंच आणलं. काकू म्हणायच्या, तेल गेलं, तूप गेलं, हाती ओळंबा आला. त्याला त्या आपली सवत समजत आणि भांड्यांत घासायला कधी घेत नसत. तो काका स्वतः चिंच लावून घासायचे.

त्यांचं तिथलं काम मला त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मी ते आजही करू शकेन. जमिनीतून आलेलं तेल तीन-चार मजली उंच, गोल टाक्यांत साठवायचं. पहाटे आणि संध्याकाळी टाकीला वळसा घालत जाणारा लोखंडी जिना चढायचा, झाकण उघडायचं, टेपच्या टोकाला बांधलेला ओळंबा आत सोडायचा. तो तळाला टेकला की हाताला कळतं. मग टेप वर ओढून तेलाचा ओला डाग कुठल्या आकड्यापर्यंत चढलाय ते वाचायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. ती चिठ्ठी कंपनीकडे जायची आणि कंपनीकडून तिथल्या सरकारकडे. कंपनी परदेशी होती. विहिरी कंपनीच्या, टाक्या कंपनीच्या, नळ कंपनीचे, बंदरातली जहाजंही कंपनीची. जमीन तेवढी देशाची होती. आपल्या पोटात किती तेल आहे हे त्या देशाला काकांच्या चिठ्ठीवरून समजायचं, आणि सरकारचा वाटाही तिच्यावरूनच ठरायचा.

मी एकदा बारावीच्या पुस्तकातला नैसर्गिक संपत्तीचा धडा जिन्यात बसून वाचत होते. ज्या देशाकडे तेल तो देश श्रीमंत, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. काकांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आपल्याकडं तेल न्हाय, ते एक दुःख हाय टीचर. त्यांच्याकडं हाय, ते लई मोठं दुःख हाय." मी नव्यानं नोकरीला लागलेली, पुस्तकावर माझा विश्वास होता. मनात म्हटलं, उंटावरचे शहाणे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार माणसाला स्वतःचं असं मत राहत नाही. वरच्या खोल्या तव्यासारख्या तापायच्या, म्हणून मी खाली जिन्याजवळच्या शहाबादी फरशीवर येऊन बसायची. काकू आत झोपलेल्या असायच्या. रांगेतल्या शेडमधून यंत्रमागांचा आवाज यायचा, आणि तो इतका सतत यायचा की थोड्या वेळानं तो बाहेर आहे की आपल्याच डोक्यात, हे सांगता यायचं नाही. काका भिंतीला टेकून, डोळे मिटून बोलायचे. मी अर्धी झोपलेली असायची. त्यांनी काय सांगितलं आणि मी काय स्वप्नात पाहिलं, यातलं थोडं माझ्याकडून एकत्र झालं असेल.

ते सांगायचे, तिकडं एका गावात रात्रच नव्हती. गावाच्या कडेला कंपनीची एक उंच नळी होती आणि तिच्या टोकाला तेलाबरोबर येणारा वायू जळत असायचा, बारा महिने, चोवीस तास. त्या गावातल्या कोंबड्या कधीही आरवायच्या. बायका त्या जाळाच्या आचेवर मासे वाळवायच्या. गावात जन्मलेल्या पोरांना चांदण्या म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि कुणी बाहेरगावी गेलं तर अंधार बघून रडायचं. आणि त्याच उजेडात, मध्यरात्रीसुद्धा दिवसासारख्या दिसणाऱ्या रस्त्यावर, बाया रॉकेलसाठी डबे घेऊन रांगेत उभ्या असायच्या. इथं मला डुलकी लागायची. मग ती रांग आमच्या गल्लीतून जायला लागायची, बायांच्या हातांत डब्यांऐवजी घागरी यायच्या आणि रांगेच्या टोकाला कुठंतरी दुधनीचा आमचा बाजार दिसायचा. जाग आली की काका अजून बोलतच असायचे.

एका वर्षी तिथल्या एका मंत्र्यानं म्हणे जाहीर केलं की टाक्यांची मापं यापुढं आमची माणसंही घेतील. दुसऱ्या महिन्यात मंत्री बदलला. नव्या सरकारनं जमिनीतल्या, अजून वर न आलेल्या तेलावर कंपनीकडूनच मोठी उचल घेतली. त्यात रस्ते झाले, एक राजवाड्यासारखी कचेरी झाली. मग तेलाचा भाव पडला, आणि तो कुठल्या तरी लांबच्या शहरात पडला, तिथल्या कुणाला न विचारता. पाव महाग झाला, तिथल्या पैशाला कुणी विचारेना. उचल मात्र तेलातूनच फेडायची होती, म्हणून आधीपेक्षा जास्त तेल उपसायला लागलं. "मास्तर लोकांना सहा महिने पगार न्हवता," काका म्हणायचे आणि एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे. मला तेव्हा ते खूप लांबचं वाटायचं.

पेट्रोल पंपावर त्यांच्याबरोबर जाण्याची शिक्षा मी एकदाच भोगली. त्यांची एक जुनी लूना होती. पंपावरचा माणूस सगळ्यांना म्हणतो तसं म्हणाला, झिरो बघा काका. काका म्हणाले, झिरो तर सगळेच दाखवतात. मग त्यांनी पाच लिटरचं माप मागितलं. गिऱ्हाइकानं मागितलं तर ते द्यावं लागतं, हे खरं, पण एक लिटर पेट्रोल घ्यायला आलेल्या माणसानं मागितल्याचं त्या पंपावर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मागं रिक्षांची रांग लागली. ऑफिसमधून माप आलं, त्यात पेट्रोल सोडलं, काका गुडघ्यावर बसले आणि मापाच्या गळ्यावरच्या रेघेला डोळा लावून बघत राहिले. अगदी बरोबर निघालं. त्यांचा चेहरा असा फुलला की चोरी सापडली असती तरी फुलला नसता. त्यांनी उठून त्या माणसाचा हात दोन्ही हातांत घेतला. रिक्षावाले शिव्या देत होते आणि मी पलीकडच्या रसवंतीच्या पाटीकडे बघत, या म्हाताऱ्याशी माझा काही संबंध नाही असं दाखवत उभी होते.

कॉलनीच्या मोकळ्या जागेत एक बोअर होतं. या अकरा घरांच्या आधीच्या पिढीनं वर्गणी काढून ते पाडलेलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, पण बोअरमुळं कॉलनीचं कधी अडलं नाही, आणि पाणी गोड होतं. त्या वर्षी श्रावणात जारचं पाणी विकणारी एक कंपनी आली. बाहेरची, सोलापुरातली नव्हे. सेक्रेटरींनी, म्हणजे कॉलनीत ज्यांचे स्वतःचे चार माग होते त्यांनी, आपल्या शेडमध्ये माग बंद ठेवून मीटिंग घेतली. कंपनी स्वतःच्या खर्चानं मोठी मोटर बसवणार, रोज ठरावीक टँकर भरून नेणार, प्रत्येक घराला रोज एक जार फुकट देणार, आणि आगाऊ रक्कम म्हणून कॉलनीला लोखंडी कमान आणि गेट बांधून देणार. मॅनेजर चांगला माणूस होता. नम्र होता, सगळ्यांना आधी नमस्कार करत होता. तो म्हणाला, पाणी तुमचंच आहे की, आम्ही फक्त काढणार.

काका मागं बसले होते. तोपर्यंत त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं, काय म्हणाला. मी कानाशी जाऊन ते वाक्य पुन्हा सांगितलं. ते इतक्या झटकन उभे राहिले की खुर्ची पडली. तिकडच्या कंपनीचं वाक्य हेच होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी विचारलं, मोटरच्या खोलीची किल्ली कुणाकडं? मॅनेजर म्हणाला, सुरक्षेसाठी आमच्याकडे. काकांनी विचारलं, मोजणार कोण? मॅनेजर म्हणाला, आमचा मीटर आहे ना. मग काका म्हणाले, "उद्या आमी नको म्हटलं, तर जाशीला का?" मॅनेजर हसला आणि म्हणाला, आगाऊ रकमेचं पाणी फिटलं की लगेच जाऊ.

सेक्रेटरी चिडले. पाणी जमिनीत पडून काय करणार आहे, तुमच्या टेपचं लोणचं घालणार आहे का, असं काहीतरी बोलले. लोक हसले. खरं सांगायचं तर मीही हसले, कारण मलाही रोजचा फुकट जार हवा होता. काकांच्या बाजूनं कुणीच नव्हतं, तरी ते तासभर उभे राहून तेच तेच बोलत राहिले. शेवटी जेवणाची वेळ टळून गेल्यावर त्यांचं एक कलम घातलं गेलं. दर महिन्याला कॉलनीच्या माणसानं बोअरची पातळी मोजून सही करायची. पाणी दोनशे फुटांच्या खाली गेलं की मोटर बंद. पण तो माणूस काका असणार नाही, असं सेक्रेटरींनी लगेच सांगितलं. ज्यांना बायकोचं ऐकू येत नाही, त्यांना पाण्याचं काय ऐकू येणार. शिकलेलं, भाडेकरू म्हणून कुणाच्याच बाजूचं नसलेलं माणूस हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

काकांनी मला त्याची शिकवणी दिली. त्यांचा टाकीचा टेप बोअरला पुरणारा नव्हता. म्हणून त्यांनी चादरीचं जाड सूत आणलं, चार पदरी पिळलं, मेण लावलं आणि दर दहा फुटांवर तांबडी गाठ, दर शंभरावर हिरवी गाठ मारली. बापाकडून शिकलेलं ते एवढंच काम त्यांना अजून येत होतं. टोकाला ओळंबा बांधला. बोअरच्या झाकणाला एक भोक होतं, त्यातून दोर हळूहळू सोडायचा आणि ऐकत राहायचं. "विनु," ते म्हणायचे. ऐक, म्हणून. ओळंबा पाण्याला टेकतो तेव्हा फार लहान आवाज होतो, ओठ उघडताना होतो तेवढाच. पहिल्यांदा मला तो ऐकूच आला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा अंगावर काटा आला. एकशे तीस फूट खाली, अंधारात, कुणीतरी ओ दिली असं वाटलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना आवाज आला नव्हता, पण मला आलेला त्यांना कळला.

दिवाळीपर्यंत मी तीन वेळा नीट मोजलं. मग परीक्षा आल्या, पेपर आले, दुधनीला माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. महिनाअखेरीला मॅनेजर स्वतःच चिठ्ठी लिहून आणायला लागला. आमच्या मीटरवर दिसतं मॅडम, कशाला उन्हात जाता. आकडे समजूतदार असायचे, महिन्याला थोडे थोडे खाली उतरणारे, दोनशेच्या आतले. एप्रिलमध्ये मी विचारलं होतं, हे खरं असेल ना. तो म्हणाला, उन्हाळ्यात थोडं खाली जातंच, ते धरूनच लिहिलंय. मी सही केली. अशा सात सह्या झाल्या. काकांनी मला एकदाही काही विचारलं नाही, आणि विचारत नाहीत म्हणून मला बरं वाटत होतं.

मे महिन्यात कॉलनीच्या नळांतून पाण्याआधी हवा यायला लागली. नळ खोकायचा, थांबायचा, मग गढूळ धार यायची. एका दुपारी काकांनी मला खाली बोलावलं. काकू झोपल्या होत्या. आम्ही नेहमीच्या फरशीवर बसलो. माग चालू होते, ऊन अंगणात पांढरं पडलं होतं. मला वाटलं, आता तो गावातला जाळ येणार, कोंबड्या येणार, आणि मी डोळे मिटले.

"उन्हानं तेल फुगतंय टीचर," ते म्हणाले. "फुगल्यालं तेल टाकीत जास्त दिसतंय. म्हणून मापातनं वजा करायचं असतंय. त्याचा तक्ता असतोय, ते खरंच हाय. एक दिवस साहेब म्हणाला, तक्त्याचं वजा झालं की आणि एक बोट वजा कर. हितलं ऊन लई हाय. मी केलं."

मी डोळे उघडले. त्यांचे उघडेच होते.

"त्याला आमी उन्हाचं बोट म्हणत होतो. ढग असले तरी काढलं. पाऊस पडत असला तरी काढलं. अकरा वर्षं. एवढ्या मोठ्या टाकीत एक बोट म्हंजी किती टँकर, ते मला ठावं हाय, तुमाला सांगत न्हाय. साहेबानं दम दिला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं सांगितलं, आणि मी लिवलं." मग भिंतीवर तळवा ठेवून ते म्हणाले, "हे घर त्यातलंच हाय."

मग ते उठले आणि खुंटीवरची दोराची गुंडी काढून आणली. दोर गुंडाळून झाला की त्यावर ते एक गाठ मारून ठेवत, मागावरचं सूत सांधताना मारतात तशी, बारीक आणि चपटी. ती त्यांच्याशिवाय आमच्यात कुणालाच मारता येत नव्हती. दिवाळीत मारलेली गाठ तशीच होती. त्यावर धूळ बसली होती. त्यांनी ती माझ्यासमोर धरली, नखानं सोडवली आणि दोर माझ्या मांडीवर ठेवला. एक शब्दही न बोलता त्यांनी मला माझ्या सातही सह्या दाखवल्या होत्या.

"मला आता ऐकायला येईना," ते म्हणाले. "तुमी ऐका."

भर उन्हात आम्ही बोअरपाशी गेलो. त्या वेळी टँकर नव्हता आणि मोटर बंद होती. मी दोर सोडायला लागले. पहिली हिरवी गाठ माझ्या बोटांतून गेली. मग तांबड्या गाठी एकेक करून. दीडशे, साठ, सत्तर. मी वाट बघत होते की आता ओ येईल. दुसरी हिरवी गाठ आली आणि गेली. माग, ऊन, लांबची वाहनं, सगळं विरघळल्यासारखं झालं होतं, आणि मी स्वतःच त्या दोराला बांधून खाली चालले आहे असं मला वाटत होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. दोनशे चाळीसच्या गाठीला तो आवाज आला, इतका बारीक की मी दोर वर घेऊन पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच आला. मी त्यांना बोटांनी आकडा दाखवला. त्यांनी मान हलवली आणि ते सावलीत जाऊन बसले.

महिनाअखेरीला मॅनेजरनं आणलेल्या चिठ्ठीवर मी काट मारली आणि दोनशे चाळीस लिहून खाली सही केली. तो पहिल्यांदाच नमस्कार न करता बोलला. म्हणाला, मग मागच्या सात चिठ्ठ्यांचं काय मॅडम? त्यांच्यावर सही कुणाची आहे? दोन दिवसांनी हेच त्यानं सगळ्यांसमोर, माग बंद ठेवलेल्या शेडमध्ये विचारलं. मी सांगितलं की त्या खोट्या आहेत, मी न मोजता सह्या केल्या, सही माझीच आहे. सेक्रेटरी म्हणाले, कॉलेजात कळवतो, असल्या बाईच्या हाताखाली पोरं शिकतात. आणखी कुणी म्हणालं, फुकटचा जार बंद करायला हिला आत्ताच बरं सुचलं. काकांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते हळूच उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि सगळ्यांची तोंडं हलायची थांबलेली बघून म्हणाले, "तिचे सात महिने. माझी अकरा वर्षं."

कुणाला काही कळलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र तिथंच रडू आलं.

कलमाप्रमाणे मोटर बंद करावी लागली. आगाऊ रकमेचं पाणी अजून फिटायचं होतं, म्हणून कंपनीची माणसं गॅस कटर घेऊन आली आणि कमान कापून घेऊन गेली. तिच्यावर कॉलनीचं नाव बारीक होतं आणि कंपनीचं मोठं. दोन बाजूंचे बुडखे राहिले, त्यांवर आता लोक ओले टॉवेल वाळत घालतात. कंपनीनं पलीकडच्या गल्लीत दुसरी जागा घेऊन तिथं बोअर पाडलं. खालचं पाणी तर एकच, त्याला गल्ली कुठं माहीत असते. सेक्रेटरींनी कॉलेजला खरंच पत्र लिहिलं, प्रिन्सिपॉलांनी मला बोलावून चार शब्द सुनावले, आणि ते चारही खरे होते. कॉलनीत वर्षभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मी दर रविवारी सकाळी मोजत राहिले. खाली आले की काका दारातून एक बोट वर करायचे, म्हणजे किती, काही वर आलं का. मी नाही म्हणून मान हलवायची. त्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी मान तशीच हलवावी लागली. पलीकडच्या गल्लीत मोटर रात्रंदिवस चालू होती.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला काकांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. एका रविवारी मी दोर गुंडाळत जिन्याशी आले, तर काकू वाट अडवून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "आज सांग त्यांना, पाणी वर आलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "एक बोट तरी सांग की. तुझं काय जातंय?"

मी आत गेले. काका खाटेवर सपाट झाले होते, लुंगीत माणूस आहे की नाही असे. त्यांनी एक बोट वर केलं. दारात काकू उभ्या होत्या. एक बोट सांगणं किती सोपं आहे, हे मला त्या क्षणी जितकं कळलं तितकं कुठल्याच दुपारी कळलं नव्हतं. दम देणारं कुणी नव्हतं. उलट मायेनंच कुणीतरी मागत होतं. आणि बोलून काही उपयोग नव्हता, त्यांना ऐकू येत नव्हतं. लिहूनच दाखवावं लागणार होतं.

मी चिठ्ठी घेतली. दोनशे चाळीस लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी ती बराच वेळ वाचली. मग वर केलेलं बोट आकड्यावर टेकवलं आणि शाई ओली आहे की वाळली, ते बघावं तसं हळूच फिरवलं.

"भायेर ऊन हाय का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. आहे, कडक आहे.

"तरीबी पुरं लिवलं," ते म्हणाले, आणि चिठ्ठी त्यांनी उशाखाली ठेवायला दिली.